दाराचं शास्त्र

धुळ्यात आमच्या शेजारी फार्मसी कॉलेजचे एक सर राहतात. चहाचा कप हाती आला की ते पेशीचं पातळ आवरण उलगडायला बसतात. त्यातली काही प्रथिनं म्हणे दारावरच्या बेलसारखी, बाहेरून दाबली की आत निरोप जातो. काही फाटकासारखी, काही माल वाहणाऱ्या हमालासारखी. कितीतरी औषधं यांनाच गाठतात. "भाऊ, बठ्ठा खेळ दारनाच शे," म्हणजे सगळा खेळ दाराचाच, हे वर सांगतात.

परवा त्यांच्या 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली बोदवडहून आलेली एक मुलगी उभी होती. त्यांच्याच कॉलेजात नवा प्रवेश. सरांनी जाळीच्या दाराआडूनच आडनाव विचारलं.

"शेख, सर."

"खोली कालच गेली, बेटा."

आज सकाळी सर त्याच पाटीवरची धूळ पुसत होते. मला म्हणाले, "कुणी भाडेकरू असला तर सांगा. आमच्या कॉलेजचा असला तर उत्तम."