बेटावर वाळवलेली साडी

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी बायको दूध घेऊन घरी आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि खाली बसली. ती पुन्हा उठली नाही.

विमानाची तिकिटं जूनची होती. दोघांची.

घुग्घुसच्या एका खाणीच्या दवाखान्यात ती नर्स होती. नोकरीभर तिने निळ्या काठाची पांढरी साडी नेसली आणि ती साडी एकदाही बाहेर वाळत घातली नाही. आमच्या अंगणात दोरीवर कपडा टाकला की थोड्या वेळात त्यावर कोळशाची धूळ बसते. रंगीत कपड्यावर ती खपून जाते, पांढऱ्यावर नाही. म्हणून साडी मधल्या खोलीत, पंख्याखाली. पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा. मग बायको चिडून अंगणातल्या दोरीवरून बोट फिरवायची आणि ते काळं बोट माझ्या पुस्तकासमोर आणून धरायची.

"वाचा. हे बी वाचा."

निवृत्त झाल्यावर तिने एका कॅलेंडरवर ग्रीसमधल्या बेटाचं चित्र पाहिलं. डोंगरउतारावर पांढरी घरं, खाली समुद्र.

"एवढी पांढरी घरं हायेत, म्हंजे तिथी धूळ नसनच," ती म्हणाली. "माही साडी तिथी उन्हात वाळन."

मी म्हटलं, साडी वाळवायला इतक्या लांब?

"मंग काय! लोक काशीले पाप धुवाले जातात. मी साडी धुवाले जाईन."

हॉटेल तिने भलतं महागडं निवडलं, कारण स्वस्त हॉटेलांच्या फोटोत सज्जा दिसत नव्हता.

दहाव्याला घरातल्यांनी तिचे कपडे वाटून टाकले. शेवटची पांढरी साडी मी आधीच पुस्तकांच्या कपाटात, जाड शब्दकोशांच्या मागे ठेवली होती. माझ्या थोरल्या बहिणीने ती शोधून काढली. तिला आम्ही बाई म्हणतो.

"गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाई. समजत नाई तुले?"

"समजते."

"मंग?"

"मंग काई नाई. राहू दे."

जूनमध्ये मी बॅग भरायला घेतली तेव्हा बाई दारातच बसली. "वर्षी झाली नाई, अन् तू समुद्रावर मजा मारायले चालला? लोकं तोंडात शेण घालतीन."

"घालू दे. तिकीट तिनं काढलं हाय."

"अन् ती कुठी हाय?"

मी साडीची घडी बॅगेत सगळ्यात वर ठेवली, बाईला दिसेल अशी.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. 'शांतता राखा', 'पाने दुमडू नका' या पाट्या मी स्वतःच्या हाताने रंगवल्या होत्या आणि त्या न पाळणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा. हे सांगायला हवं, कारण बेटावरच्या खोलीतही एक पाटी होती. सज्जात कपडे वाळत घालू नयेत.

खोली पांढरी होती, गुहेसारखी गोल, कुठेही कोपरा नसलेली. सज्जात आमच्यापुरता पोहण्याचा हौद. त्याच्या कडेपलीकडे, खूप खाली, समुद्र. दोन झगे, सपातांचे दोन जोड, टेबलावर दोघांच्या नावांचं कार्ड. सकाळी न्याहारी आली तीही दोघांची: घट्ट दही, मध, ऑलिव्ह, बोराएवढे टमाटे. मी दोन्ही ताटं संपवली. तिच्या वाट्याचं काहीही परत पाठवायचं नाही, हे मी विमानातच ठरवलं होतं.

मग न्हाणीघरातल्या टबात साडी भिजवली. साबणाची वडी घरून आणली होती, निळीची बाटलीही. पहिलं पाणी करडं निघालं. इतकं जपूनही घुग्घुस तिच्यात शिरलंच होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली, नीळ दिली, पिळली. सज्जाच्या कठड्यावरून बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही.

चिमटे नव्हते आणि वारा जोराचा होता. मी साडीची टोकं कठड्याला गाठी मारून बांधली. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली.

हॉटेलात काम करणारी एक तरुण मुलगी आली. फार नम्र होती.

"सर, आमच्याकडे वाळवायचं मशीन आहे. लगेच इस्त्री करून आणून देते."

"मशीन आमच्याकडेही मिळतं."

"शेजारच्या पाहुण्यांच्या फोटोत हे येतंय."

"येऊ द्या."

"तुम्ही पाटी वाचलीत ना, सर?"

"वाचली. अक्षर चांगलं आहे."

ती हसणार होती, पण हसली नाही. "मग काढता ना?"

"वाळली की काढतो. त्याआधी नाही."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या सज्जातली माणसं वळून पाहू लागली. वाचनालयात असा आवाज कोणी चढवला असता तर मीच त्याला बाहेर काढलं असतं. मॅनेजरला विचारते म्हणून ती गेली. मी खुर्ची कठड्याला टेकवून बसलो. खोलीतला फोन वाजला, पुन्हा वाजला. मी उचलला नाही. कोणी गाठ सोडायला आलं असतं तर त्याला आधी मला उठवावं लागलं असतं, आणि मी उठणार नव्हतो.

कोणी आलं नाही. साडी वाळली.

गाठी सोडल्या, पदर हातावर घेतला आणि बोटाने घासला. बोट स्वच्छ होतं. मी ते समोर धरलं. वाचायला कोणी नव्हतं.

घरी आल्यावर बाईने विचारलं, "झाली मजा?"

"झाली."

दुसऱ्या दिवशी मी ती साडी पुन्हा धुतली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली. बाई आतून धावत आली.

"अरे, काळी होईन ना! आतमंदी टाक."

"होऊ दे. तिनं जल्मभर आत टाकली. मी नाई टाकत."

"तिकडून उजळून आणली, अन् इथी काऊन नासवून राह्यला?"

"मी नाई नासवत, बाई. आत टाकली का गावात धूळ नाईच असं वाटते सगळ्यायले. दिसू दे त्यायले."

समोरून कोळशाचे ट्रक चालले होते. बाईने पदर नाकाला लावला आणि ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. साडी तिने काढली नाही.

तेव्हापासून दर रविवारी ती बाहेर वाळते. काठ अजून निळा आहे. बाकीची साडी करडी झाली आहे.