गाडीतलं पाणी

सेलूच्या बाजारात गुल्हान्यांचं किराणा दुकान आहे. महादेवराव गुल्हाने ऐन विशीत त्या गादीवर बसले ते साठी उलटेपर्यंत उठले नाहीत. दुकान बंद ठेवणं म्हणजे आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या दारात सोडून येणं, असं ते म्हणत. शकुंतलाबाई दुकानामागच्या दोन खोल्यांत राहिल्या. धान्य निवडलं, पुड्या बांधल्या, एकुलत्या एक ज्योत्स्नाला वाढवलं आणि नागपूरला दिलं. कुठे जायचं झालंच तर आष्टीजवळचं माहेर, तेही दिवस मोजून.

एका दिवाळीत ज्योत्स्नाने सहज विचारलं, "आई, तुले कुठं फिरायला जावंसं नाई वाटत?"

"समुद्र पाहाव वाटते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण हॉटेलात नाई झोपणार मी. कोणाच्या गादीवर, कोणाच्या चादरीवर. अन् ते संडास."

महादेवराव शेजारीच जेवत होते. त्यांनी ते ऐकून ठेवलं. पुढे दुकान पुतण्याच्या, अंकुशच्या, हाती दिल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते गाडी घ्यायचं. एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस होती. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत हिरालाल नावाच्या बॉडीवाल्याकडे त्यांनी ती नेऊन लावली. मुलांची बाकडी निघाली, त्या जागी दोन पलंग आले, एक ओटा, शेगडी, मागच्या कोपऱ्यात छोटा संडास आणि पलंगाखाली पाण्याची टाकी. सेलूत लोक हसले. "शेठजी, म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर घेता काय?" महादेवरावही हसले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खूश कोणी पाहिलं नव्हतं.

गाडी घरी आली त्या दिवशी शकुंतलाबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, आत चढल्या, ओट्यावरून हात फिरवला आणि नळाखाली पेला धरला. घोटभर पाणी प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं.

"अवो, पाणी कसंतरी लागून राह्यलं. लोखंडावानी."

"नवी टाकी हाय. दोनदा धुतली की जाईन."

टाकी धुतली. पुन्हा धुतली. लोखंड काही गेलं नाही. महादेवरावांनी स्वतः पिऊन पाहिलं, त्यांना काही कळलं नाही. पण तंबाखूने आपली जीभ मेली आहे हे ते स्वतःच सांगत. शकुंतलाबाईंना मात्र डाळीतलं अर्धा खडा जास्तीचं मीठही कळायचं. महादेवरावांनी हिरालालकडून लोखंडी जोड काढून प्लास्टिकचा नळ घालून घेतला, टाकी बदलून स्टीलची बसवून घेतली. चव तीच.

मग ते फिल्टरच्या मागे लागले. वर्ध्यात प्रेमदास नावाचा एक जण घरोघरी फिल्टर बसवायचा. त्याच्या दुकानात महादेवराव जाऊन बसू लागले. "मले आरओच पाह्यजे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "लोखंड काढाचं हाय."

"काकाजी, घरी ठीक हाय," प्रेमदास म्हणाला. "गाडीत आरओ म्हणजे एक पेला प्याचा अन् तीन पेले नालीत. तुमची टाकी पुसद गाठेपर्यंत कोरडी. वरून मोटर चालवाले बॅटरी. घाटात बॅटरी बसली तर काय कराल?"

"तरी लाव."

आरओ लागला. बोरधरणापर्यंत एक फेरी मारली तेव्हा प्रेमदास म्हणाला तसंच झालं, जेवायच्या आतच टाकी रिकामी. आणि त्या पाण्यालाही शकुंतलाबाई म्हणाल्या, "तसंच लागते. उलट जास्तच."

आरओ निघाला. अल्ट्राव्हायोलेटचा दिवा आला. त्याने जंतू मरतात, चव बदलत नाही, हे प्रेमदासने आधीच सांगितलं होतं. मग कोळशाची कांडी आली, तिने टाकीचा वास ओढून घेतला. मग बारीक जाळीचा, विजेशिवाय चालणारा फिल्टर आला. महादेवराव मोबाईलवर तासन्‌तास लोकांचे व्हिडिओ पाहत. हरियाणातला कोणी, केरळातला कोणी, आपल्या गाडीत काय बसवलं ते दाखवी. दुकानात तेलाचा डबा घेताना जी पारख लागते तीच पारख ते इथे लावत होते. कोणती कांडी किती टिकते, खडबडीत रस्त्याने कोणता जोड सुटतो, विदर्भातलं जड पाणी आणि कोकणातलं हलकं पाणी एकाच जाळीतून कसं निघेल. शेवटी प्रेमदासने गाडीतलं पाणी मीटरने मोजलं.

"काकाजी, या पाण्यात काहीच नाई. शपथेवर सांगतो."

"मग तिले काऊन लागते?"

प्रेमदासने खांदे उडवले.

इकडे शकुंतलाबाईंचं जेवण कमी झालं होतं. फोडणीचा वास आला की त्या पदर नाकाला लावत. पायाला संध्याकाळी सूज येई. "गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसते ना," त्या म्हणत. अंगाला खाज सुटे तेव्हा खोबरेल चोळत. गुडघे दुखायचे म्हणून गेली कित्येक वर्षं त्या मेडिकलमधून गोळ्या आणून चहाबरोबर घेत होत्या. बीपीची गोळी एका उन्हाळ्यात बरं वाटलं म्हणून सोडली होती. यातलं काहीही महादेवरावांपासून लपलेलं नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर होतं.

नवरा कांड्या आणि नळ्यांच्या पसाऱ्यात बसलेला पाहून एक दिवस त्यांना भडभडून आलं. त्या पेला घेऊन आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हो, आता गोड लागते. झालं तुमचं?"

महादेवरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "खरंच?"

"खरंच. आता निघा तरी."

पहिला मुक्काम आष्टीला ठरला. भावाला गाडी दाखवायची, मग पुढे समुद्राकडे. भाऊ बबनराव माहेरची शेती पाहायचे. गाडी आवारात शिरली तेव्हा सगळं घर बाहेर आलं. बबनरावांनी पलंगावर बसून पाहिलं, शेगडी पेटवून पाहिली. "भाऊजी, तुमी तर बाईले महाल बांधला," असं म्हणून ते हसले. शकुंतलाबाईंना कौतुक वाटत होतं आणि थकवाही आला होता. त्या विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसल्या. या विहिरीच्या पाण्याचं त्या लग्नानंतर इतकी वर्षं नाव काढत होत्या. सेलूच्या नळाला नावं ठेवताना माप हेच असायचं.

भावजयीने तांब्या भरून दिला. शकुंतलाबाईंनी घोट घेतला आणि तांब्या मांडीवर ठेवला.

"बबन, विहिरीले काय झालं रे?"

"काय झालं?"

"पाणी बिघडलं. लोखंड लागते."

बबनराव हसले. "काई बिघडलं नाई बाई. गावात टँकर येते तवा लोक इथून पाणी नेतात."

महादेवरावांनी तांब्या घेतला. पाणी थंड होतं, गोड होतं, त्यांच्या मेलेल्या जिभेलाही ते कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा फुगलेला होता, डोळ्यांखाली पाणी साठल्यासारखा. गेले काही महिने तो असाच होता आणि त्यांनी तो आज पाहिला.

"शकू," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी तिला नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ होती. "घरच्या माठातलं पाणी कसं लागते तुले?"

त्या हळूच म्हणाल्या, "तसंच. घरचंही बिगडलं म्हटलं असतं तर तुमी घरही खोदून काढलं असतं."

दुसऱ्या दिवशी गाडी समुद्राकडे न जाता वर्ध्याला वळली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि महादेवरावांना खुर्ची दिली. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. रक्तातली घाण बाहेर पडत नव्हती, ती अंगात साचत होती, तोंडाला चव येत होती ती तिची.

"तोंडाला अशी चव कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी घेतली तेव्हापासून," महादेवराव म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं, आणि ते म्हणाले, "नाई. ती सांगत होती तेव्हापासून."

"आधी आला असता तर काही काळ सांभाळता आलं असतं," असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. महादेवरावांना मात्र त्यानंतरचं काहीही ऐकू आलं नाही.

डायलिसिस सुरू झालं. सेलूहून वर्ध्याला, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी. गाडी त्याच कामाला लागली. मशीनवरून उतरल्यावर शकुंतलाबाईंना उभंही राहवत नसे, मग त्या पलंगावर आडव्या होत आणि महादेवराव खड्डे चुकवत हळू चालवत. आता पाणी मोजून प्यायचं होतं. दिवसाचं ठरलेलं पाणी एका बाटलीत भरून ठेवलेलं असे, त्यातच चहा, त्यातच औषध. उन्हाळ्यात वर्ध्याकडची हवा भट्टीसारखी होते. शकुंतलाबाई ओठांवरून ओला रुमाल फिरवत बसत. "एक घोट द्या ना," असं त्या कधीतरी म्हणत आणि महादेवराव "नाई" म्हणत. संसारात त्यांनी तिला फार गोष्टींना नाही म्हटलं नव्हतं, कारण तिने फार काही मागितलंच नव्हतं. आता मात्र रोज म्हणावं लागे.

ज्योत्स्ना नागपूरहून आली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मी किडनी देते. मी चौकशी करून आली."

महादेवरावांचं चालणार नव्हतं, त्यांना साखर होती. बबनराव तयार होते, पण तपासणीत जमलं नाही. ज्योत्स्नाचं जमत होतं. तिची मुलं शाळेत होती, नवऱ्याचीही ना नव्हती.

"लेकीची नाई घेत मी," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"आई, काऊन? मी धडधाकट हाय."

"तुले लेकरं हायेत. उद्या तुले काही झालं तर मी कोणत्या तोंडाने जगू? पुन्हा इषय काढू नको."

ज्योत्स्नाने पुष्कळ रडून पाहिलं. दर खेपेला तेच उत्तर. महादेवराव त्या खोलीत असत आणि बोलत नसत. त्यांना बोलायचं होतं. त्यांना वाटत होतं की ज्योत्स्नाने द्यावी, तिच्या आईने घ्यावी, पुढचं पुढे पाहू. स्वतःच्या मुलीचं अंग कापायचा विचार आपण इतक्या सहज करतो आहोत याची त्यांना भीतीही वाटे आणि तरी तो विचार जात नसे.

एकदा डायलिसिसहून परतताना, सेलू जवळ आलं असताना, ते बोलून गेले. "घेऊन टाक ना. ती एवढी म्हणून राह्यली."

त्यांनी आरशात पाहिलं. शकुंतलाबाई डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होत्या. घरी पोचल्यावर त्यांना हात धरून उतरवताना त्या म्हणाल्या, "तुमी मले फार जपता, मले ठाऊक हाय. पण माह्यासाठी पोरीले कमी नका करू. अन् तिले सांगू नका तुमी असं म्हटलं म्हणून. तिच्या मनात बाप तसाच राहू द्या."

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात डायलिसिससाठी वापरत ती हाताची नस बंद पडली, मानेत नळी घालावी लागली, तिथे जंतुसंसर्ग झाला. थंडी वाजून ताप आला. चार दिवस दवाखान्यात ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी महादेवराव चहा घेऊन आले तेव्हा नर्स पलंगाभोवती पडदा ओढत होती. ते चहाचा पेला हातात धरून पडद्याबाहेर उभे राहिले. कोणी त्यांना आत बोलावलं नाही आणि त्यांनाही आत जाववलं नाही, डॉक्टर येऊन खांद्याला हात लावेपर्यंत.

तेरवी झाल्यावर अंकुशने गाडीचं विचारलं. "काका, इकून टाकता काय?" महादेवरावांनी मान डोलावून हो म्हटलं. नागपूरच्या एका माणसाने येऊन ती नेली. तो सगळ्या नळ्या-जाळ्यांचं कौतुक करत होता, हे कोणी बसवून दिलं म्हणून विचारत होता. महादेवरावांनी प्रेमदासचं नाव सांगितलं आणि घरात निघून गेले.

ज्योत्स्ना आणखी काही दिवस राहिली. आईच्या साड्या घड्या घालून ठेवताना एका दुपारी ती मध्येच थांबली.

"बाबा, एक विचारू?"

"बोल."

"तुमी एकदाही आईले म्हटलं नाई, घे म्हणून. तुमचं ऐकलं असतं तिने. तुमी एकदा जोर दिला असता तर..."

महादेवराव खिडकीपाशी बसले होते. बाहेर बाजार भरत होता, कोणी टरबुजांची गाडी लावत होतं. डायलिसिसहून परतताना आपण म्हटलं होतं, हे त्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "जोर द्याले पाह्यजे होता."

ज्योत्स्नाने साडीची घडी पुन्हा उलगडली आणि नीट घालायला घेतली. दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. त्यानंतर ती फोन करते, औषध घेतलं का विचारते, पण पूर्वीसारखं फार वेळ बोलत नाही. महादेवरावही तिला धरून ठेवत नाहीत.