हैबतीचा वारा

हैबतीच्या यंत्रावर खंडेनवमीचा नारळ मी फोडला आणि तो नको तितका चांगला फुटला. पाणी सगळं स्विचच्या खाचेत गेलं. महाडहून आलेला पाहुणा म्हणून मला हा मान मिळाला होता. मी वर हळदकुंकूही सढळ हाताने वाहिलं. "शकुन झाला!" वाडीतली माणसं म्हणाली.

यंत्र म्हणजे भात वारवायचा पंखा. हैबतीची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. तिथे वारा येतो तो पावसाळ्यात, छपरं न्यायला. मळणी झाली की पठ्ठ्या गायब, आणि बायका डोक्यावर सूप धरून त्याची वाट बघत उभ्या.

हैबतीची उमेदीची वर्षं मुंबईच्या गॅरेजात गेलेली. आंबेनळी घाटात एका शेठची विलायती गाडी कलंडली, तेव्हा आतली माणसं यानेच बाहेर काढली. शेठ इंजिन आणि चाकं घेऊन गेला. "उरलं ते तुझं," म्हणाला. थंडीत शेठच्या पायांना ऊब देणाऱ्या पंख्याची मोटर, तिचा स्विच आणि गाडीची बॅटरी हैबतीने उचकटली, रॉकेलच्या डब्याची पाती बसवली आणि वाडीला सांगून टाकलं, "औंदा वारा माज्याकडनं!"

"भात वरल्या सड्यावर, उघड्या माळाला नेऊ या, तिथं वारा हाय," बायको आवडी म्हणाली.

"काय गरज नाय, गो."

म्हणून मळलेलं सगळं भात खाली खळ्यातच पडलं. दिवाळीनंतर वारवणीला मी पुन्हा वाडीत आलो, आणि नेमके त्याच दिवशी घाटाकडून काळे ढग निघाले. हैबतीने ऐटीत स्विच ओढला. पंखा ढिम्म.

"अवो, ढग बघा," आवडी म्हणाली. "वर्साचं भात भिजंल. आता सड्यावर कवा न्यायचं?"

"ढगांना दम धराय सांग!"

हैबतीने गाडीचाच एक दिवा बॅटरीला लावला. दिवा लख्ख पेटला. "बॅटरीत जीव हाय." मग त्याने स्विचच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि उघडी टोकं एकमेकांना टेकवली. ठिणगी उडाली, पंखा घुर्र करून फिरला आणि माझी टोपी खळ्याच्या पार गेली. "मोटर फर्स्टक्लास! बटणच खराब हाय."

स्विच उघडला. आतली तांब्याची पट्टी हिरवीगार, तिच्यावर हळदीचा लगदा. मी ढगांकडे बघू लागलो.

"अप्पा, देवाला कमी आन् बटणाला जास्त वाह्यलंत," हैबती म्हणाला आणि सुरीने पट्टी खरवडू लागला. "गॅरेजात असली शंबर साफ केली." एवढ्यात पट्टीचा तुकडा पडला.

"तुटली?" मी विचारलं.

"कच्ची व्हती. रस्त्यात दगा देण्यापेक्षा घरात तुटली, बरं झालं."

त्याने वायरींची टोकं माझ्या हातात दिली, रबरावर कुठे धरायचं ते दाखवलं आणि आवडीला हाक मारली. सूप वर गेलं. मी टोकं जुळवली की वारा, सोडली की वारा बंद. दाणे सरळ खाली पडत होते, फोल उडत होतं आणि त्यातलं बरंचसं माझ्या नाकात शिरत होतं. शेवटचं पोतं पडवीत गेलं आणि थेंब टपटपू लागले. हैबती विजयी मुद्रेने विडी पेटवत होता. तेवढ्यात पलीकडच्या खळ्यातून शेजारच्या रंगूबाईने हाक दिली, उद्या तिचंही भात वारवायचं होतं.

शिंकता शिंकता मी विचारलं, "हैबती, नवा स्विच कधी आणणार रे?"

"कशाला? तुमी हाय ना."