एकविसावं लागलं

इंदिरानगरच्या मोठ्या रस्त्याला फुटलेल्या एका गल्लीत, मुलींच्या पीजीसमोर महानंदाची टपरी आहे. आसपासचे लोक टपरीला कन्नडमध्ये पेट्टी अंगडी म्हणतात आणि महानंदाला अक्का. चहा, केळी, बिस्किटं, खोकल्याच्या गोळ्या आणि सिगरेटी, एवढाच पसारा.

महानंदा मूळची निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरी आली की आधी अंगणात हातपाय धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच देवापाशी जायची. तंबाखूच्या वासानं देवाला ठसका लागेल म्हणायची. महानंदाचंही तसंच. घरी आली की साबणानं हात धुते, हुंगून बघते आणि मग दत्तगुरूंना फूल वाहते. सिगरेटी विकलेल्या हातांनी देवाला शिवायचं तिला कधीच मनापासून रुचलं नाही. पण टपरीवरच मुलाचं, सुरजचं शिक्षण झालं, लग्न झालं, हेही खोटं नव्हतं. म्हणून हा विषय ती देवापुढे काढतच नसे.

सुरज आता महादेवपुऱ्याला राहतो. सून कन्नड, नातवाशी सगळे कन्नडच बोलतात. महानंदाला त्याचं वाईट वाटतं असं नाही, पण तिचं मराठी आता नवरा कृष्णात आणि देव यांच्यापुरतंच उरलं होतं, आणि त्यातला कृष्णात दिवसभर रिक्षावर.

अशात एका सकाळी पीजीतून एक मुलगी आली आणि फोनवर कुणाला तरी म्हणाली, "ना बाप्पा, मी नाही येऊन राहिली."

महानंदाच्या हातातली किटली तशीच राहिली. "मराठी हाईस व्हय गं?"

"नागपूरची. तुम्ही पण?"

अशी सुखदा तिच्या आयुष्यात आली. कुठल्याशा कंपनीत नुकतीच लागलेली. रोज ऑफिसला निघण्याआधी यायची, एक सुटी सिगरेट घ्यायची, महानंदाकडे पाठ करून ओढायची आणि मग तोंड वळवून चहा घेत बोलत बसायची. सगळ्या गल्लीची अक्का या एका मुलीची मात्र काकू झाली.

"काकू, तुम्ही हे स्वल्प स्वल्प काय करता हो? थोडं म्हणा ना."

"का? स्वल्प मराठीच की. शाळेत स्वल्पविराम शिकली न्हाईस?"

"तेवढाच विराम मिळतो मला दिवसभरात," सुखदा म्हणायची, आणि सिगरेटचं थोटूक डब्यात टाकायची.

पोरीनं ओढू नये असं महानंदाला वाटे. एकदा तसं ती म्हणालीही. "मग विकता काहून?" असं उत्तर आलं. त्यानंतर तिनं पुन्हा विषय काढला नाही. शिवाय एक भीतीही होती. ही पोर इथं येते ती सिगरेटसाठी. सिगरेट बंद झाली तर बोलायला कशाला थांबेल?

मग नवा कायदा आला. सुटी सिगरेट विकायची नाही आणि एकविसाच्या आतल्याला पाकीटसुद्धा द्यायचं नाही. सिगरेटींच्या एजन्सीचा माणूस तशी पाटी लावून गेला. महानंदा कायद्याला भिणारी बाई. त्या दिवसापासून जो येईल त्याला ती वय विचारू लागली. दाढीवाले हसायचे, एक आजोबा तर फार खूश झाले. सुखदालाही तिनं विचारलं.

"माझं? एकविसावं लागलं की," सुखदा म्हणाली.

महानंदाला हायसं वाटलं. आता पाकीट घ्यावं लागायचं, म्हणून पोर एकाऐवजी दोन ओढायला लागली. ते तिला दिसत होतं. पण वयात बसते ना, मग आपण काय करणार, अशी तिनं मनाची समजूत घातली.

एके दिवशी तपासणीवाले आले. पाटी बघितली, बरणीत सुट्या नाहीत हे बघितलं. त्यातल्या एकानं कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, वय विचारता ना?"

"विचारल्याबगर देतच न्हाई," तीही कन्नडमध्ये म्हणाली, आणि उत्साहात पुढं बोलून गेली, "समोरच्या पीजीतली पोर आमच्यातली आहे, पण तिलाही विचारलं. एकविसावं लागलंय तिला."

तो माणूस हसला. "लागून चालत नाही, अक्का. तुंबिरबेकु."

तुंबिरबेकु. भरलेली पाहिजेत. एकविसावं लागलं म्हणजे वीसच भरली. महानंदाच्या कानशिलापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. त्या माणसानं दंड केला नाही, पुढं जपा म्हणून गेला. पण आपण परक्या माणसासमोर मूर्ख ठरलो, आणि तेही जिला पोटच्या पोरीसारखं धरलं तिच्यामुळं, हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सुखदा आली, हात पुढं केला. महानंदानं पाकिटांवर फडकं टाकलं.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"काय?"

"एकवीस न्हाईत तुला. वीस हाईत. तोंडावर खोटं बोललीस."

चहाला आलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. सुखदाचा चेहरा उतरला. "मी एकविसावं लागलं म्हणाली होती. लागलंच आहे. माझी आई पण असंच सांगते." तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. "सिगरेट नका देऊ. पण खोटारडी नका म्हणू."

ती गेली. मग रोज जायची ती पलीकडच्या फुटपाथवरून, कानात वायर घालून. कोपऱ्यावरच्या दुकानात तिला पाकीट मिळतं, हे महानंदाला इथून दिसत होतं.

जेवताना तिनं कृष्णातला सगळं सांगितलं. कृष्णातनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"आपल्या सुरजची बोलणी चालली होती," तो म्हणाला, "तवा मुलीकडच्यांनी वय विचारलं. तू काय सांगितलंस?"

"सव्विसावं लागलं म्हणून."

"आणि भरलेली किती होती?"

"पंचवीस."

"तवा तू खोटं बोललीस व्हय?" कृष्णात म्हणाला. "त्यांनी तर काय म्हटलं न्हाई. आपल्यात तसंच मोजत्यात. पोरगी आपल्यातली, म्हणून तसं बोलली. परक्याला एकवीस म्हणून मोकळी झाली असती."

त्या रात्री महानंदा देवापुढे बराच वेळ बसली. या वेळी तिनं सिगरेटी विकण्याचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपरी लवकर मिटून ती पीजीच्या फाटकाशी गेली. वॉचमननं आत निरोप दिला. सुखदा खाली आली. ऑफिसचेच कपडे, डोळे थकलेले. महानंदाच आधी बोलली.

"तू खोटं न्हवतीस बोलली. मीच आपल्यातलं मोजणं विसरले. चारचौघांत बोलले ते चुकलं माझं."

सुखदा फाटकाचा गज धरून उभी राहिली. "मग आता देणार का?"

"न्हाई."

"म्हणजे माफी मागायला आल्या आणि सिगरेट पण नाही?"

"न्हाई. भरली तरी देऊ वाटणार न्हाई, पण भरल्यावर मला अडवता यायचं न्हाई. तवर तरी माझ्या हातनं नको."

"कोपऱ्यावर मिळते मला."

"दिसतं मला. तिथं जाऊन तुझं तोंड धरू शकत न्हाई मी." महानंदानं फाटकाचा दुसरा गज धरला. "पण तू येत न्हाईस, तर सकाळी मी कुणाशी बोलू? सिगरेट न घेता ये म्हणते मी. येशील?"

सुखदानं खिशात हात घातला, काही काढलं नाही, हात तसाच ठेवला. "मला वाटलं," ती म्हणाली, "आता तुम्हाला माझं तोंड पण नको असेल."

"येडी हाईस."

"काकू, मला सोडता येत नाही ते. एकदा ट्रायही केलं."

"सोड म्हणाले का मी? ये म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सुखदा आली. सिगरेटचा वास आधीच अंगाला होता. महानंदाला तो आला, तिनं तसं दाखवलं नाही. सुखदा फळीवर बसली आणि मॅनेजरची गाऱ्हाणी सांगू लागली. बिंदुमाधव त्याचं नाव, आणि नाव सोडलं तर त्याच्यात देवाचं काही नाही, असं ती म्हणाली. महानंदाला हसू आवरेना. समोर तिघेजण चहासाठी ताटकळत उभे होते. एकानं दोनदा "अक्का" म्हणून हाक मारली.

"बंदे, बंदे," आलेच, आलेच असं कन्नडमध्ये म्हणत ती तिथंच बसून राहिली. "मग? पुढं काय म्हणाला तो?"