उंच गिलास, पसरट वाटी

दौंडहून शालनबाईंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेऊन गेलो, तर झोपेतच..." मी म्हटलं, "सुटली बिचारी," आणि फोन ठेवला. शेजारणीला माझं बोलणं लागलं. पण दीड वर्ष अर्धं अंग लुळं पडलेल्या बाईंना मी बघून येत होते, शेजारीण नव्हे. आता महिना होऊन गेला, तरी मला तसंच वाटतं. बरं झालं.

शालनबाई आमच्या मांडवगणच्या अंगणवाडीच्या बाई आणि मी मदतनीस. माझं शिक्षण चौथी. त्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, लग्न करून आमच्या गावात आलेल्या. आधी मला त्या आळशीच वाटल्या. बाराखडी घोकून घ्यायची सोडून पोरांपुढे चिंचोके, माती, पाणी ठेवायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. मी एकदा बोललेच, "बाई, शिकवणार कवा?" त्या म्हणाल्या, "शिकत्यातच की. तुम्ही मधी बोलू नका." फरशी मात्र मी पुसायची.

पोरं खाऊसाठी घरून भांडं आणायची. कुणाचा उंच गिलास, कुणाची पसरट वाटी. मी लापशी पातळ करायचे आणि प्रत्येकाला एकच ओगराळं वाढायचे. तरी पसरट वाटी आणणारी, सरपंच आप्पांची चार वर्षांची लेक राणी रोज घरी जाऊन सांगायची, मावशी मला कमी देते. एक दिवस आप्पा दारात उभे, मागे चार बायका. "गयाबाई, लेकरांच्या तोंडातलं घरी न्यायला लाज न्हाई वाटत?" मी बौद्धवस्तीतली. काही चोरीला गेलं की गावाला आधी आमचीच वस्ती दिसायची. त्यात नवरा वारलेला, पदरात दोन पोरं. आप्पांच्या एका शब्दावर माझं काम गेलं असतं. मला वाटलं, बाई माझ्या बाजूनं भांडतील. त्या भांडल्या नाहीत. दोन सारख्या वाट्या मांडल्या आणि ओगराळं आप्पांच्याच हातात दिलं. "आप्पा, तुम्हीच वाढा."

आप्पांनी दोन्ही वाट्यांत एकेक ओगराळं वाढलं. बाईंनी राणीला विचारलं, "सारखं हाय का?" राणी वाकून बघून म्हणाली, "व्हय." मग एका वाटीतली लापशी तिच्या डोळ्यांदेखत बाईंनी उंच गिलासात ओतली. "आता?"

"गिलासात जास्त!"

"अगं, आत्ता सारखं म्हणालीस ना?" आप्पा चिडले. त्यांनी स्वतः गिलासातलं परत वाटीत ओतलं. राणी म्हणाली, सारखं. पुन्हा गिलासात ओतलं. राणी म्हणाली, जास्त. चौथ्या वेळेला ती रडायलाच लागली आणि मागच्या बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. "पोरगी येडी हाय का काय?" आप्पा म्हणाले.

"येडी न्हाई, चार वर्षांची हाय. या वयात उंच दिसलं की जास्तच वाटतं. स्वतः ओतून ओतून एक दिवस तिचं तिला कळंल. मारून न्हाई कळायचं."

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा गिलासभर पाणी द्या, गयाबाई." माफी काही मागितली नाही. पण माझ्या हातचं पाणी ते सगळ्यांसमोर प्याले. ते गेल्यावर मी भिंतीला टेकून खाली बसले... छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मला वाटलं, आता बाई सगळ्यांना एकसारखी भांडी आणायला सांगतील. छे! उलट रोज खाऊच्या आधी पाण्याची बादली, गिलास आणि वाट्या पोरांपुढे. ओता. माझी फरशी रोज ओली. पुढे राणी दुसरीत असताना एकदा आली आणि सहज म्हणाली, "मावशी, तुम्ही तवा सारखंच देत होता." मी बाईंकडे बघितलं. त्या पत्रकं भरत होत्या, मानही वर केली नाही.

दिवसकार्याला दौंडला गेले, तेव्हा मुलानं विचारलं, आईची आठवण म्हणून काय नेता? साडी नको म्हटलं. बाईंनी जपून ठेवलेल्या अंगणवाडीच्या खेळाच्या डब्यातला तो गिलास आणि वाटी घेऊन आले. माझी नात आता चार वर्षांची आहे. काल तिला वाटीत दूध दिलं, तर ओठ काढून म्हणाली, "आजी, तू मला कमी दिलंस."

ह्याच बोलण्यानं एकदा माझं काम जायची वेळ आली होती. काल मी हसले आणि गिलास तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, ओत. अर्धं दूध सांडलं. फरशी मीच पुसली.