ताडपत्रीखालचा ढीग

आमच्या यांना सगळी वस्ती खतवाले म्हणायची. तोंडावर आदराने, पाठीमागे नाक धरून. सत्तावीस वर्षं हा माणूस भाजीबाजाराचा ओला कचरा कुजवून खत करत आला. ढिगात लोखंडी सळई खुपसायची, थोड्या वेळाने उपसून मुठीत धरायची. चटका बसला की म्हणायचे, "ढीग जिवंत आहे." मला ताप आला तर कपाळाला हात लावायचं सुचायचं नाही, पण ढिगाची चौकशी रोज. असो.

ढीग दर चार दिवसांनी उलथावा लागतो. आत हवा गेली नाही तर कचरा कुजत नाही, नासतो. उलथताना वास येतो, तोही तासभरच.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे मुलीचं लग्न निघालं. बाई येऊन म्हणाल्या, "भाऊ, पाहुणे असेपर्यंत तेवढं वासाचं बघा." मी डोळ्यांनी खुणावत होते, पण हे कसले ऐकतात. भीड भिकेची बहीण, हे मी संसार मांडल्यापासून सांगत आले. यांनी ढिगावर ताडपत्री ओढली आणि तीन आठवडे फावडं लावलं नाही.

ताडपत्री काढली तेव्हा खालून काळं पाणी रस्त्यावर आलं. असा भपकारा सुटला की मलाच उलटी झाली. यांनी सळई खुपसली, मुठीत धरली. गार. "माझ्याच हातानं मारला गं," म्हणाले.

वस्तीने तक्रार केली. पहिली सही मास्तरीणबाईंची. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. पालिकेचे साहेब आले. यांनी हात जोडून महिनाभराची मुदत मागितली. साहेब म्हणाले, "काका, आता सगळा कचरा एकत्रच डेपोत टाकायचा. सोपं काम." आणि यांच्या खताच्या आवाराला टाळं लागलं.

सोपंच ते. ओतायचं, त्यावर आणखी ओतायचं. खाली दबलेलं नासतं, त्याचा गॅस होतो, तो पेट घेतो, हे यांनी दहा जणांना सांगितलं. पण यांचाच ढीग नासलेला, कोण ऐकणार?

यंदा उन्हाळ्यात डेपो पेटला. दीड महिना धूर घराघरात. मास्तरीणबाईंची लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी आलेली, ते पोर खोकून खोकून निळं पडायचं. एका दुपारी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचं काम परत नाही का सुरू होणार?"

मी चांगलं सुनवणार होते. यांनी मला हाताने थांबवलं. "त्या आवारात आता लोकांच्या गाड्या लागतात, बाई," एवढंच बोलले.

आवार बंद झालं तरी आमच्या घरात भाजीची सालं वेगळ्या डब्यात जायची. एकदा त्यात माझ्याकडून प्लास्टिकचं झाकण पडलं, तर दोन दिवस अबोला धरला होता यांनी. बाई गेल्यावर तो डबा यांनी उचलला, सालं दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोंबली, गाठ मारली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आले.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"सगळं तिकडंच जातं," म्हणाले, आणि हात न धुताच भिंतीकडे तोंड करून पडले.