एक माणूस, एक बीप

बीपकाका चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे, मग आवाज चढायचा. आणि चिडायचे ते रोजच. हवाई दलातून निवृत्त झालेला हा साताऱ्याचा माणूस चंडीगडला आमच्या प्रयोगशाळेतली कार्डाने उघडणारी दारं सांभाळायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं. पुढच्याने दार धरलं म्हणून मी मागोमाग शिरले होते. "बाहेर व्हा. एक माणूस, एक बीप!" मी मराठीत गोड बोलून पाहिलं. "तुमचा चेहरा मला पाठ होईल हो, यादीला नाही," म्हणाले. आग लागली तर आत कोण अडकलंय, हे कार्डांच्या यादीवरूनच कळणार होतं.

पण इकडची माणसं भारी अदबशीर. "आओ जी, पहले आप," करत एका कार्डावर चौघं आत. काका ओरडायचे, "या सभ्यपणानं मराल एक दिवस!" लोक हसायचे. मीही हसायची.

एका दुपारी माझी विद्यार्थिनी सिमरन दोन्ही हातांत खोकी घेऊन आली आणि मी दार धरलं. तासाभरात वरच्या मजल्यावर धूर झाला. काकांनी वीज तोडली, दारं बंद धरणारे लोहचुंबक सुटले, सगळी दारं मोकळी झाली. आम्ही हिरवळीवर जमलो. काकांनी यादी वाचली, सगळे हजर. सिमरनचं नाव त्यात नव्हतंच.

"काका, सिमरन आत आहे!" मी किंचाळले. नाकाला ओला रुमाल लावून ते धावले आणि खोकत खोकत तिला घेऊन आले.

चौकशी समितीने काय लिहावं? 'यंत्रणा सांभाळण्यात हलगर्जी.' काकांना घरी बसवलं. त्या कोडग्या लोकांचा मला आजही संताप येतो. त्याहून जास्त माझा येतो. "दार कुणी धरलं?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते, "आठवत नाही."

काका सेक्टर बावीसमधली खोली सोडून निघाले, तेव्हा मी भेटायला गेले. "मी सांगायला हवं होतं, काका."

"हवं होतं," ते ट्रंकेला कुलूप घालत म्हणाले. माझी समजूत काढली नाही. वर पाहिलंही नाही.

आता मी मागच्याच्या तोंडावर दार लावते. पाठीमागे मला उर्मट म्हणतात, म्हणोत. परवा मागे सिमरन होती, हातांत खोकी घेऊन. तिच्याही तोंडावर लावलं. काचेपलीकडे तिने खोकी खाली ठेवली, गळ्यातलं कार्ड काढलं आणि दाराला लावलं.